तीन पिढ्यांची दौड

आमच्या घरात दोन पक्ष पडले ते प्रजासत्ताक दिनाच्या दौडीमुळे. त्याआधी एकच पक्ष होता, माझ्या बायकोचा, वृषालीचा, आणि त्यात राहण्यातच आम्हा सगळ्यांचं भलं होतं.

दौडीचा फलक मी जळगावच्या काव्यरत्नावली चौकात वाचला. वाचला म्हणजे काय, गाडी नेमकी तिथं बंद पडली आणि किका मारून दमल्यावर दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही. पाच किलोमीटर, सकाळी साडेसहा, मेहरूण तलावापर्यंत जाऊन परत. खाली लाल अक्षरांत ‘विशेष आकर्षण : तीन पिढ्या गट’. आजी किंवा आजोबा, त्यांचा मुलगा किंवा मुलगी आणि एक नातवंड. तिघांनी हातात हात धरून शेवटची रेघ ओलांडायची. पहिल्या तीन कुटुंबांना ढाल.

मी तिथंच गणित मांडलं. जानेवारीत साठीच्या वरची माणसं पहाटे उठतात हे खरं, पण ती चहासाठी. धावायला किती येणार? तीन-चार. म्हणजे ढाल जवळजवळ घरातच आली, फक्त आणायला जायचं बाकी. आजवर मला मिळालेलं एकमेव प्रमाणपत्र मराठी टंकलेखनाचं आहे, आणि त्यावरही माझं नाव ‘बुध्दभुषण’ असं दोन चुकांसह टंकलेलं आहे. ज्यानं ते टाइप केलं तोही त्याच परीक्षेत पास झाला असणार.

घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणजे द्रौपदाबाई, मूळची जामनेरकडची.

“धावा लागीन का रे?” तिनं विचारलं.

“चाललीस तरी चालेल.”

“मंग येते. झेंड्याच्या दिवशी घरात बसून काय करू?”

नातवंड म्हणून धाकटा प्रशील होताच. तो दुसरीत आहे आणि संडासलाही पळतच जातो. मी अर्ज भरला आणि मोठ्या अभिमानानं पावतीचा फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. माणसाच्या हातून चुका होतात, पण इतकी वाईट चूक फोटोसकट क्वचितच होते.

कारण त्या ग्रुपवर नाना होते.

नाना म्हणजे वृषालीचे वडील, तोताराम नाना. धुळ्याला देवपुरात राहतात, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. रोज पहाटे पांझरेच्या काठानं फिरायला जातात आणि समोरून येणाऱ्याला अजूनही हातानं साइड दाखवतात. सासूबाई, पुष्पाबाई, चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून नाना एकटे. मागच्या पावसाळ्यात चक्कर येऊन अंगणात पडले, शेजाऱ्यांनी उचललं, तेव्हापासून वृषालीचा एकच धोशा होता, नानांनी जळगावला आपल्याकडं येऊन राहावं. नानांचंही एकच उत्तर होतं, “जठे मनी बट्टीले नाव ठेवतस, तठे मी पाय ठेवाव नही.”

हे बट्टीचं प्रकरण थोडक्यात सांगतो. आमच्या लग्नात, धुळ्याला, वरण-बट्टीचा, म्हणजे वरणात चुरून खायच्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत होता. पंगतीत माझ्या आईनं बट्टी फोडली, आत पाहिलं आणि शेजारी बसलेल्या मावशीच्या कानात सांगितलं, “आतून कच्ची हाये.” आईचं कानात बोलणं साधारण दोन पंगतींना ऐकू जातं. नाना नेमके तुपाची बरणी घेऊन मागं उभे होते.

बस्स. तेव्हापासून आईशी ते बोललेले नाहीत, आणि “त्याहीनं आधी बोलावं” म्हणून आईही त्यांच्याशी बोललेली नाही. सण असो, आजारपण असो, सगळा व्यवहार वृषालीमार्फत. “आईंना सांग.” “नानांना सांग.” तेरा वर्षं माझी बायको दोन देशांमधला वकिलातीचा माणूस असल्यासारखी जगत होती, आणि त्या देशांच्या सीमा आमच्या स्वयंपाकघरातून जात होत्या.

फोटो टाकल्यावर अर्ध्या तासात वृषालीचा फोन वाजला. नानांचा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला.

“वृषाली, मी बी फॉर्म भरी टाका. मी, तू आनि प्रज्ञा.”

“अहो नाना, मला विचारायचं तरी!”

“आते पोरले इचारीसन फॉर्म भरू का मी? आनि तुन्ही सासूले सांगी दे, धुळाना माणूस काय शे ते तिले दिसीच.”

वृषालीनं फोन ठेवला. आई पोळ्या लाटत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण पद्धत म्हणून विचारलं, “काय म्हणत व्हते?”

“नमस्कार सांगितलाय,” वृषाली म्हणाली. वकिलातीत बराच काळ काढल्याशिवाय असं भाषांतर जमत नाही.

प्रज्ञा आमची मोठी मुलगी. तिला धावण्याचा तिटकारा, पण आजोबांना नाही म्हणणं तिच्या जिवावर येतं. झालं. एका घरात दोन संघ. आई, मी, प्रशील एकीकडं. नाना, वृषाली, प्रज्ञा दुसरीकडं.

नानांचा अर्ज मात्र अडला. दौडीचे संयोजक नवीन नावाचे सर, एका शाळेत क्रीडाशिक्षक, माणूस नियमाचा पक्का. त्यांनी वृषालीला बोलावून सांगितलं, “मॅडम, तुमच्या आधार कार्डावर पतीचं नाव आहे. तुम्ही तोताराम यांच्याच कन्या आहात याला पुरावा?”

“मी सांगतेय की.”

“तसं प्रत्येक जण सांगेल.”

आता साठीच्या माणसाला खोटा बाप म्हणून धावायला कोण आणतं हे मला कळलं नाही, पण मी विरोधी संघाचा असल्यामुळे गप्प बसलो. शेवटी नानांनी धुळ्याहून त्यांच्या रेशनकार्डाचा फोटो पाठवला. त्यात वृषालीचं नाव अजून तसंच. म्हणजे सरकारदरबारी माझी बायको लग्नानंतरही माहेरीच जेवत होती. नवीन सरांनी फोटो मोठा करून पाहिला, अर्ज मंजूर केला आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच तिला दोन घास नीट देत नसेन.

यानंतर सराव सुरू झाला. वृषाली आणि प्रज्ञा पहाटे गच्चीवर धावत. खालच्या मजल्यावरच्या धनसिंग भाऊंच्या डोक्यावर ते धावणं पडत असल्यामुळे त्यांना आमच्या दौडीत रस निर्माण झाला. भाऊ डाळमिलमधून निवृत्त झालेले, आयुष्यात बसच्या मागंसुद्धा धावलेले नाहीत, पण सल्ल्याला तोटा नाही. मला म्हणाले, “भूषण, तळपायाला कांदा चोळ. श्वास नाकानं घे, तोंडानं सोड, आणि मध्ये विचार करू नको, विचारानं दम लागतो.” हाच सल्ला ते जिन्यात वृषालीलाही देताना सापडले. विचारलं तर म्हणाले, “मी दोन्ही पार्ट्यांचा माणूस.” त्यांच्या बायकोनं, मंदाबाईंनी, आईला नवे कॅनव्हासचे बूट आणून दिले आणि वर सांगितलं, “साडी थोडी वर खोचा, अक्का, म्हणजे वारा लागतो.”

आईचा सराव मेहरूणच्या रस्त्यावर माझ्याबरोबर चाले. चाले म्हणण्यापेक्षा थांबे. तिला पंचवीस पावलांवर कोणी ना कोणी भेटायचं. भाजीवाली, जुनी शेजारीण, जामनेरच्या बाजारात कधीतरी मिरच्या घेतल्या होत्या तो माणूस. त्याचीही विचारपूस. मी घड्याळ दाखवलं की म्हणायची, “अरे, माणसाशी बोलल्याशिवाय पुढं जाता येतं का?” मला राहवलं नाही, मी म्हणालो, “नानांशी बोलली नाहीस ती तेरा वर्षं गेलीच की पुढं.” त्या दिवशी सराव तिथंच संपला. आई रिक्षानं घरी आली, मी चालत.

आणखी एक अडचण होती, आणि ती सरकारी होती. आमच्या कार्यालयात झेंडावंदनाची सगळी जबाबदारी माझ्यावर. ध्वज ज्या कपाटात असतो त्याची किल्ली साहेबांनी आदल्या दिवशी माझ्या हातात देऊन सांगितलं, “भूषणराव, आठपर्यंत या. ही किल्ली जपा.” मी म्हणालो, “साहेब, निश्चिंत राहा.” दौड साडेसहाला, फार तर तासाभरात ढाल घेऊन मोकळा, तिथून सरळ ऑफिस. ढाल टेबलावर ठेवण्याचीही जागा मी मनात ठरवली होती.

सव्वीस तारखेला पहाटे नाना पहिल्या बसनं आले. पांढरी पँट, माकडटोपी, खांद्यावर टॉवेल. चौकात अंधुक उजेडात दोनेकशे माणसं हात चोळत उभी होती. आई पांढरं स्वच्छ लुगडं, कॅनव्हासचे बूट आणि छातीवर नंबरचा कागद लावून आली होती. नानांनी तिला पाहिलं, तिनं नानांना पाहिलं, आणि दोघांनीही वृषालीकडं पाहिलं.

“तुन्ही सासूले सांग, बूट चांगला शेत.”

“आई, नाना म्हणतात बूट चांगले आहेत.”

“त्याहीले सांग, टोपी काढा, घाम येईन.”

“नाना, आई म्हणतात—”

“ऐकं मी,” नाना म्हणाले, आणि टोपी आणखी खाली ओढली.

तीन पिढ्यांच्या गटात पाच कुटुंबं होती. साडेसहाची शिट्टी सव्वासातला झाली आणि नाना सुटले ते थेट रिकामी गाडी आगारात नेताना सुटतात तसे. “चाला, चाला” करत प्रज्ञाला आणि वृषालीला मागं टाकून ते गर्दीतून वाट काढत दिसेनासे झाले. वृषालीनं एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात तेरा वर्षांच्या संसाराचा कुठलाही लोभ नव्हता. मग तीही पळाली.

आम्ही मात्र महाबळच्या रस्त्याला लागेपर्यंत शेवटून दुसरे झालो होतो. आमच्या मागं फक्त अ‍ॅम्ब्युलन्स. आई फुटपाथवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला जयभीम, नमस्कार, कसं काय करत निघालेली. प्रशील दर मिनिटाला पुढं धावून जाई, परत येई. त्याचे बहुतेक आठ-नऊ किलोमीटर झाले असतील. नवीन सर मोटारसायकलवरून शेजारी आले आणि म्हणाले, “भूषणराव, दोन कुटुंबं पोचलीसुद्धा. एक घरी गेलं, त्यांचं लेकरू रडायला लागलं. तिसरी ढाल शिल्लक आहे, आणि शर्यत आता तुमची आणि धुळेकरांचीच.”

माझ्या अंगात एकदम वारं शिरलं. मी आईला म्हणालो, “आई, आता कोणाशी बोलू नकोस.” आणि वळणावर पाहतो तो नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर नाना बसलेले. एकटेच. टोपी हातात, चेहरा लाल, छाती भात्यासारखी वरखाली होतेय.

“वृषाली कुठंय नाना?”

“मीच सांगं त्यासले, तुम्ही चाला, मी येस.” पुढचं वाक्य दमात विरून गेलं.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा ढाल आली. त्याची मला लाज वाटायला साधारण दोन सेकंद लागले. तेवढ्यात आई थांबली होती. नानांपासून चार हातांवर उभी राहून ती प्रशीलला म्हणाली, “तुह्या आजोबाले इचार, पाणी पायजे का?”

“आजोबा, पाणी पाहिजे का?”

“तुन्ही आजीले सांग, माले काय व्हयेल नही.”

“आजी, त्यांना काय झालेलं नाही.”

“मंग त्याहीले इचार, तोंड काऊन लाल झालं?”

प्रशील दोघांच्या मध्ये मान फिरवून कंटाळला. मी त्याला म्हणालो, “पळत पुढं जा आणि आईला बोलावून आण. सांग, नाना बसलेत.” पळायला मिळालं म्हणून तो आनंदानं सुटला. आता निरोप्याचं काम माझ्याकडं आलं. मी आईच्या हातातली बाटली नानांकडं नेतोय, तोच खिशातला फोन वाजला.

कौतिक, आमचा शिपाई. “भाऊ, कुठी आहात? साहेब येऊन बसलेत. कपाट उघडायचंय.”

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून गेले होते. ट्रॅक पँटच्या आतल्या खिशात किल्ली मांडीला टोचत होती, इतका वेळ मी तिला वात समजत होतो.

“कौतिक, तू इकडं महाबळच्या रस्त्याला ये, मी किल्ली देतो.”

“आलोय ना भाऊ. इकडच्या गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. पोलीस गाडी आत सोडत नाहीये.”

मी आईला म्हणालो, “दोन मिनिटांत आलो, नानांजवळ थांब,” आणि धावलो. त्या सकाळी मी खऱ्या अर्थानं धावलो ते एवढंच, आणि ते दौडीच्या दिशेनंही नव्हतं. गल्लीच्या तोंडाला बांबू आडवा लावलेला. पलीकडं कौतिक, अलीकडं मी, मध्ये हवालदार.

“किल्ली द्यायचीय फक्त,” मी म्हणालो.

“स्पर्धकांनी मार्ग सोडायचा नाही. बाद व्हाल,” हवालदार आपुलकीनं म्हणाला. “तिथूनच फेका.”

मी फेकली. कौतिकनं दोन्ही हात वर केले, डोळे मिटले, आणि किल्ली त्याच्या डोक्यावरून जाऊन मागच्या गाडीवरच्या पोह्यांच्या कढईत पडली. पोहेवाल्यानं झाऱ्यानं ती बाहेर काढली, झटकली, कागदात गुंडाळून कौतिकला दिली आणि मला विचारलं, “तुम्हाला पण बांधू का?” शेव टाकून खात उभे असलेले लोक माझ्याकडं पाहत होते. माझ्या छातीवर नंबर होता आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत माझं नाव. या वेळी शुद्धलेखन अचूक होतं.

मी मोरीपाशी परत आलो तर कठड्यावर कोणी नाही.

आई नाही, नाना नाहीत. पाण्याची रिकामी बाटली फक्त. रस्ता दोन्हीकडं मोकळा. समोरून वृषाली, प्रज्ञा आणि प्रशील धावत येताना दिसले. वृषालीचा चेहरा पांढरा पडलेला.

“नाना कुठंयत?”

“इथंच होते. आई होती बरोबर.”

“आणि तुम्ही?”

मी किल्लीचं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. काही स्पष्टीकरणं खरी असूनही माणसाच्या तोंडात शोभत नाहीत. तेवढ्यात पलीकडच्या फुटपाथवरून धनसिंग भाऊ आले. आमची दौड पाहायला ते मफलर गुंडाळून, थर्मास घेऊन आले होते.

“अरे, दोघांना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलं ना आत्ता!” ते म्हणाले. “तिकडं तलावाकडं गेली गाडी.”

“दोघांना?” वृषाली ओरडली.

“दोघांना. तुझ्या सासूनंच हात करून थांबवली.”

मग आम्ही चौघंही जे धावलो तसं शिट्टी झाल्यावर धावलो असतो तर पहिली ढाल आमची होती. वृषाली सगळ्यांच्या पुढं. धावता धावता ती एकदाच बोलली, “त्यांना काही झालं तर मी तुमच्या त्या ढालीचं...” पुढचं वाऱ्यात गेलं, ते बरं झालं.

अ‍ॅम्ब्युलन्स तलावाच्या कडेला झाडाखाली उभी होती. मागचा दरवाजा अर्धा उघडा. बाहेर एक तरुण डॉक्टर मुलगी गळ्यात स्टेथोस्कोप घालून, कंबरेवर हात ठेवून उभी. आतून आरडाओरडा ऐकू येत होता.

“डॉक्टर, काय झालं? माझे वडील—”

“वडील ठणठणीत आहेत,” ती वैतागून म्हणाली. “दम लागला होता, गेला. मला फक्त दोघांचं बीपी मोजायचंय. बोलायचं थांबल्याशिवाय मोजता येत नाही, आणि ते थांबतच नाहीयेत. तुम्ही जरा सांगता का?”

वृषालीनं दरवाजाच्या फटीतून आत पाहिलं. मी तिच्या खांद्यावरून. नाना स्ट्रेचरवर पाय सोडून बसलेले, दंडाला बीपीचा पट्टा. समोरच्या बाकावर आई. मध्ये कोणी नाही.

“मी तं माह्या बहिणीच्या कानात म्हणलं व्हतं,” आई म्हणत होती. “तुमी मांगं उभे हाये हे मले काय मालूम?”

“कानमां? आख्खा मांडोले आयकू उनं!”

“बरं, आलं आयकू. पण बट्टी कच्ची व्हती का नव्हती? तेवढं सांगा.”

 डॉक्टर मुलीनं संधी साधून आत डोकं घातलं, तोच नाना बोलले.

“व्हती.”

“हां!”

“कच्ची व्हती. माले माहीत नही का? तुमनं वऱ्हाड टाइमना आगोदर उनं. कोनतं वऱ्हाड आगोदर येस? मीच आचारीले सांगं, काढ, जशी शे तशी काढ.”

“मंग तेरा वर्सं रुसले काऊन?”

“खरं व्हतं म्हणीसन! खोटं ऱ्हातं तर हसी सोडी देतू.”

  आईनं पदरानं बुटावरची धूळ पुसली, उगाचच. मग हळू आवाजात म्हणाली, म्हणजे तिच्या मानानं हळू, “पुष्पाबाई गेल्या तवा मी आली व्हती धुळ्याले. तीन दिवस व्हती. तुमी माह्याकडं पाहिलं बी नई.”

 दंडावरचा पट्टा नानांनी बोटानं चाचपला.

“पाहेल व्हतं,” ते म्हणाले. “तीन्ही दिन चुल्हापुढे बठेल व्हत्यात तुम्ही. येनारा-जानारा सगळासले भाकरी तुमनाच हातनी. बठ्ठं पाहेल व्हतं मी.”

माझ्या पुढ्यात वृषालीचा खांदा हलला. मला वाटलं ती आत जाईल, पण ती गेली नाही. उलट तिनं हात मागं करून आम्हाला सगळ्यांना दोन पावलं मागं सारलं. धनसिंग भाऊ धापा टाकत येऊन पोचले होते, त्यांना तोंड उघडायच्या आत तिनं त्यांच्याच थर्मासमधला चहा भरून दिला.

थोड्या वेळानं दोघं उतरली. डॉक्टर मुलीनं आकडे सांगितले. नानांचं बीपी आईपेक्षा किंचित कमी निघालं. “पाहा,” नाना म्हणाले. “मी गाडीत चढताना हात देला तुमाले, म्हणून माहं वाढलं,” आई म्हणाली. डॉक्टर मुलगी म्हणाली, गाडीतूनच शेवटपर्यंत सोडते. नानांनी साफ नाही म्हटलं. “फॉर्म भरेल शे. पायी जासू.” आईनंही मान डोलवली.

तर आम्ही सहा जण तलावावरून परत निघालो. दोघं पुढं, आम्ही मागं, आमच्या मागं अ‍ॅम्ब्युलन्स आणि धनसिंग भाऊ. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी आई बोलत होती, आणि नवीन एवढंच की आता प्रत्येकाला ती थांबून सांगत होती, “हे आमचे व्याही, धुळ्याचे.” प्रत्येक वेळी नाना टोपी काढून जयभीम घालत. त्यामुळे वेग निम्म्यावर आला.

चौकात पोचलो तेव्हा दौड कधीच संपली होती. मांडववाले खुर्च्या टेम्पोत भरत होते. शेवटच्या रेघेवरची हवेची कमान अर्धी उतरून एका बाजूला कलली होती. नवीन सर एकटेच माइक आणि तिसरी ढाल घेऊन उभे होते. त्यांनाही शाळेत झेंडावंदनाला जायचं होतं. आम्हाला पाहून त्यांनी कमानीत पुन्हा हवा भरायला सांगितली. ती फसफसत निम्मी उभी राहिली.

“आले, आले!” माइक घरघरला. “जळगाव की धुळे? तिसऱ्या क्रमांकाची ढाल! तिघांनी हात धरा!”

मी आईचा हात धरला, प्रशीलनं माझा. पलीकडं प्रज्ञानं नानांचा धरला, वृषालीनं प्रज्ञाचा. सगळे रेघेपर्यंत आलो. आणि रेघेला बूट लागायच्या आधी आई थांबली.

“तुमी व्हा आधी,” ती नानांना म्हणाली. “पाव्हणे हाये तुमी.”

नानाही थांबले. “अस्सं कसं? तुम्ही वराकडना. मान तुमना शे.”

“ते लग्नात. आता काय त्याचं? व्हा पुढं.”

“नही नही, याहीणबाई. तुम्ही पहिले.”

“मी नई जाणार.”

“मी बी नही जावाव!”

“आई, एक पाऊल,” मी म्हणालो. ढाल माझ्यापासून दोन हातांवर होती, तिच्यावरचा पितळी धावपटू मला स्पष्ट दिसत होता. आईनं हात सोडवून घेतला. “तू मधी बोलू नको. मोठ्यांचं चाललंय.” मग ती नानांकडं वळून म्हणाली, “दर टायमाले आपलंच खरं करता. ते काय नई, आधी तुमी.” नानांचा आवाजही चढला. आग्रहाचं हळूहळू भांडण व्हायला लागलं. खुर्च्या भरणारे थांबून पाहू लागले. कमान परत कलायला लागली. प्रशील आणि प्रज्ञा कंटाळून एकमेकांचा हात धरून रेघेपलीकडं निघून गेले, आणि नवीन सरांनी कपाळाला हात लावला, कारण आता नियमाप्रमाणं दोन्ही संघ बाद.

मी वृषालीला शोधलं. ती दुभाजकावर बसली होती, बूट काढून, पाय लांब करून. छातीवरचा नंबर एका टाचणीवर लोंबत होता. मी इतक्या वर्षांत तिला इतकं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं.

नवीन सरांनी माइक तसाच तोंडाशी ठेवून काकुळतीनं म्हटलं, “मॅडम, त्यांना सांगा ना जरा काहीतरी!”

“मी नाही सांगणार,” वृषाली म्हणाली. “आता त्यांचं ते सांगतील एकमेकांना.”

आणि तिनं सरकून मला बसायला जागा केली.